विश्लेषण : सिनेमातला पत्ता शोधत तरुणाई का भटकते? या गर्दीने त्या गावांचे काय होते?

चित्रपट संपून श्रेयनामावली सुरू झाली की बहुतेक प्रेक्षक पार्किंगकडे धावतात. काही जण मात्र पडद्यावर सरकणारी गावांची नावे वाचत थांबतात. घरी पोहोचेपर्यंत ती नावे फोनमधल्या नकाशावर 'सेव्ह' झालेली असतात आणि पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीचा बेतही ठरलेला असतो. लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठी पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढणारे, गोव्यातल्या शापोरा किल्ल्याच्या तटावर तिघे मित्र समुद्राकडे तोंड करून बसणारे आणि स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या पुलावर शाहरुख खानची पोझ देणारे, हे सारे याच वर्गातले. या भटकंतीतून त्यांना काय मिळते, त्या गावांच्या पदरात काय पडते आणि गर्दी हाताबाहेर गेली की काय होते, याचा हा आढावा.

चित्रपट पर्यटन म्हणजे नेमके काय?

चित्रपटात किंवा मालिकेत दिसलेली जागा प्रत्यक्ष पाहण्यासाठी केलेला प्रवास म्हणजे चित्रपट पर्यटन. त्यात चित्रीकरणाची ठिकाणे येतात, तशीच कलाकारांची घरे, जुनी चित्रपटगृहे आणि स्टुडिओही येतात. वांद्र्यात 'मन्नत'समोर होणारी गर्दी हा त्याचाच एक प्रकार. मुंबई सेंट्रल स्थानकाजवळच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पाहायला मुद्दाम येणारे बाहेरगावचे प्रेक्षक हा दुसरा. हा चित्रपट 20 ऑक्टोबर 1995 रोजी प्रदर्शित झाला आणि डिसेंबर 2014 मध्ये त्याने मराठा मंदिरमध्ये एक हजार आठवडे पूर्ण केले. फेब्रुवारी 2015 मध्ये तो उतरवण्याचा निर्णय झाला होता, पण काही दिवसांतच खेळ पुन्हा सुरू झाले.

हे वेड नवे आहे का?

नाही. राज कपूर यांच्या 'संगम'ने 1964 मध्येच प्रेक्षकांना युरोप दाखवला होता. त्या काळात परदेशी जाणे फार थोड्यांना परवडत असे. त्यामुळे पडद्यावर पाहणे हाच बहुतेकांचा प्रवास होता. देशांतर्गत स्वप्नांची जागा काश्मीरने व्यापली होती. पहलगामजवळच्या हजन खोऱ्यात 1983 च्या 'बेताब'चे चित्रीकरण झाले आणि ते खोरे 'बेताब व्हॅली' या नावानेच ओळखले जाऊ लागले. आज नकाशावर, पाट्यांवर आणि तिथल्या घोडेवाल्यांच्या तोंडीही तेच नाव आहे.

1989 नंतर काश्मीर अशांत झाले आणि हिंदी चित्रपटांचे बर्फाळ डोंगर आल्प्समध्ये गेले. यश चोप्रा यांनी तिथे इतके चित्रीकरण केले, की स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेन शहरात 2016 मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. युंगफ्राऊ पर्वतावर जाणाऱ्या एका रेल्वेगाडीलाही त्यांचे नाव देण्यात आले. 3,454 मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोख स्थानकात 'बॉलीवूड' नावाचे उपाहारगृह आहे. सानेन गावाजवळचा जो पूल 'दिलवाले दुल्हनिया'मध्ये दिसतो, तो तिथल्या लोकांसाठी ओढ्यावरचा साधा पूल आहे, पण भारतीय पर्यटक त्याचा पत्ता विचारत येतात.

आता फरक पडला आहे तो वेगाचा आणि नेमकेपणाचा. पूर्वी 'हे कुठले गाव असेल' एवढाच प्रश्न पडायचा. आज चित्रपट ओटीटीवर थांबवून, मागचा डोंगर किंवा देवळाचा कळस ओळखून, नेमकी जागा काही तासांत सापडते. ती सापडली की रील बनते आणि रील पाहून शंभर जण निघतात.

तरुणाईला यात काय मिळते?

आज बावीस वर्षांचे असलेले कित्येक जण 'दिल चाहता है' (2001) प्रदर्शित झाला तेव्हा जन्मलेही नव्हते. तरीही मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षानुवर्षे रखडलेल्या गोव्याच्या बेताची थट्टा याच चित्रपटाच्या आधाराने होते. या वयात आयुष्य वेगाने कप्प्यांत विभागले जात असते. कुणी हिंजवडीत नोकरीला लागतो, कुणी परदेशी शिकायला जातो, कुणाचे लग्न ठरते. एकाला रजा मिळते तेव्हा दुसऱ्याची शिफ्ट असते. 'दिल चाहता है', 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' (2011) आणि 'ये जवानी है दीवानी' (2013) या तिन्ही चित्रपटांत नेमकी हीच वेळ आहे. सगळे पांगण्याआधीचा एकत्र प्रवास हाच त्यांचा विषय. त्यामुळे ती जागा पाहणे हे अनेकांना निमित्त असते, खरी ओढ एकत्र जाण्याची असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. 2014 च्या 'क्वीन'मध्ये लग्न मोडलेली दिल्लीची तरुणी ठरलेल्या मधुचंद्राच्या सहलीला एकटीच पॅरिस आणि अॅम्स्टरडॅमला जाते. मुलीने एकटीने प्रवास करावा की नाही, ही अनेक घरांत रात्रीच्या जेवणावेळची चर्चा असते. अशा वेळी सगळ्यांनी पाहिलेला चित्रपट हा बोलणे सुरू करायला सोयीचा दाखला ठरतो.

भाषेची भिंतही खाली आली आहे. सबटायटल्समुळे पुण्यातला विद्यार्थी मल्याळम चित्रपट पाहतो आणि कोडाईकनालची गुहा शोधतो. कोल्हापूरची विद्यार्थिनी कोरियन मालिका पाहते आणि तिच्या यादीत स्वित्झर्लंडमधले एखादे खेडे येते. हिंदी चित्रपटांनी आखलेल्या जुन्या नकाशावर अशी नवी ठिकाणे दरवर्षी वाढत आहेत.

पडद्यावरचे ठिकाण खरेच तिथे असते का?

बऱ्याचदा नसते. चित्रपटप्रेमींच्या भटकंतीतली सर्वांत रंजक गोष्ट हीच आहे. 'दिलवाले दुल्हनिया'च्या शेवटी नायिका धावत्या गाडीकडे झेपावते ते स्थानक कथेत पंजाबातले आहे. प्रत्यक्षात ते रायगड जिल्ह्यातले, पनवेल-रोहा मार्गावरचे आपटा स्थानक. 'स्वदेस' (2004) मधले उत्तर भारतीय चरणपूर हे वाईजवळचे मेणवली. 'ये जवानी है दीवानी'मधली मनाली काही प्रसंगांत काश्मीरचे गुलमर्ग आहे. 'शोले'चे (1975) रामगढ तर थेट कर्नाटकात, बेंगळूरुजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत उभारले होते.

याची कारणे व्यावहारिक असतात. मुंबईहून तंत्रज्ञ आणि सामान नेण्याचा खर्च, राहण्याची सोय, परवानग्या, प्रकाश, गर्दीवर नियंत्रण ठेवण्याची शक्यता या सगळ्याचा हिशेब करून जागा ठरते. वाई परिसर दिग्दर्शकांच्या आवडीचा झाला तो यामुळेच. मुंबई-पुण्याहून काही तासांचे अंतर, कृष्णेचे घाट, दगडी देवळे, वाडे आणि मागे डोंगर. प्रकाश झा यांच्या 'मृत्युदंड' (1997) आणि 'गंगाजल' (2003) मध्ये वाई बिहार झाली, 'ओमकारा' (2006) मध्येही ती उत्तरेतलेच गाव होती.

मेणवलीला गेलेला चित्रपटप्रेमी 'शाहरुखचा घाट' पाहायला जातो. तिथे त्याला नाना फडणवीसांचा वाडा दिसतो. वसईच्या 1739 च्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज घंटा दिसते. तो वाईत थांबला तर गणपतराव रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर पाहतो. मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून झाले, हेही कुणीतरी सांगते. चित्रपटाने त्याला तिथवर आणलेले असते, पण पाहण्यासारखे तिथे आधीपासूनच बरेच असते.

गावांना काय मिळते?

पहिला फायदा रोजगाराचा. चहाची टपरी, होमस्टे, टॅक्सी, घोडे, फोटोसाठी भाड्याने मिळणारे कपडे अशी छोटी अर्थव्यवस्था उभी राहते. 'थ्री इडियट्स' (डिसेंबर 2009) आधीही लडाखला पर्यटक जात असत. पण 4,350 मीटर उंचीवरचे पँगाँग सरोवर मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सहलीच्या यादीत आले ते त्या चित्रपटानंतर. सरोवराच्या काठी चित्रपटात आहेत तशी रंगीत आसने आणि पिवळी स्कूटर ठेवून फोटोचे पैसे घेणे हा तिथला एक व्यवसायच झाला.

दुसरा फायदा आठवण जपण्याचा. आर. के. नारायण यांच्या कथांवरची 'मालगुडी डेज' ही मालिका शंकर नाग यांनी कर्नाटकात चित्रित केली. '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनातल्या सहभागामुळे ते मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचे होते. मालिकेतले मालगुडी स्थानक म्हणजे शिवमोग्गा जिल्ह्यातले अरसाळू हे छोटे स्थानक. रेल्वेने त्याची जुनी इमारत दुरुस्त करून 2020 मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय सुरू केले. पडझडीला आलेली इमारत त्यामुळे वाचली आणि येणाऱ्यांना पाहण्यासारखे काही मिळाले.

पण अशा कमाईला अनिश्चिततेचीही बाजू आहे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी 26 जणांची हत्या केली. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली. सगळे गाव एकाच उद्योगावर अवलंबून असले की असा काळ किती कठीण जातो, हे तिथल्या घोडेवाल्यांनी आणि हॉटेलचालकांनी अनुभवले.

मग बिघडते कुठे?

लेहजवळच्या शे गावातली द्रुक व्हाइट लोटस शाळा 1998 मध्ये सुरू झाली. 'थ्री इडियट्स'मध्ये ती रँचोची शाळा म्हणून दिसली. तिच्या एका भिंतीजवळ चित्रपटातला विनोदी प्रसंग घडतो. मग त्या भिंतीसमोर फोटो काढण्यासाठी पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या. ऑगस्ट 2010 च्या ढगफुटीत या शाळेचे मोठे नुकसान झाले होते. त्यातून सावरलेल्या शाळेपुढे आता वर्ग चालू असताना आवारात फिरणाऱ्या लोकांचा आणि कचऱ्याचा प्रश्न उभा राहिला. अखेर 2018 मध्ये शाळेने ती भिंत पांढरी करण्याचा आणि पर्यटकांना वर्गांपासून दूर ठेवण्याचा निर्णय घेतला. मुलांना विचार करायला शिकवणारी शाळा म्हणून तिचे चित्रपटात कौतुक झाले, आणि त्याच कौतुकामुळे तिथल्या मुलांच्या अभ्यासात व्यत्यय आला.

पँगाँगमध्ये एप्रिल 2022 मध्ये पर्यटकांनी सरोवराच्या पाण्यातून मोटार चालवल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला. इतक्या उंचीवरच्या थंड वाळवंटात कचरा कुजायला फार वेळ लागतो आणि पाणी, वीज, शौचालये यांची सोय मुळातच मर्यादित असते.

जिवाचा धोकाही असतो. 'चेन्नई एक्सप्रेस' (2013) मध्ये दूधसागर धबधब्याजवळ थांबलेली गाडी दिसली. प्रत्यक्षात तिथे पावसाळ्यात रुळांवर उतरून चालणे बेकायदा आणि धोक्याचे आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार रुळांवर विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही जुलै 2023 मध्ये एवढी गर्दी झाली, की पोलिसांनी पर्यटकांना परत पाठवले. काहींना तर रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या.

तमिळनाडूतल्या कोडाईकनालची गुहा हे सर्वांत बोलके उदाहरण. इंग्रजांच्या काळी तिला 'डेव्हिल्स किचन' म्हणजे 'सैतानाचे स्वयंपाकघर' म्हणत. 1991 मध्ये कमल हासन यांच्या 'गुणा'चे चित्रीकरण तिथे झाले आणि ती 'गुणा गुहा' झाली. 2006 मध्ये केरळच्या मंजुम्मल भागातून आलेल्या मित्रांपैकी एक जण तिथल्या खोल विवरात पडला आणि मित्रांनी त्याला वाचवले. त्या घटनेवरचा 'मंजुम्मल बॉइज' फेब्रुवारी 2024 मध्ये प्रदर्शित झाला. या जागेत उतरणे किती जीवघेणे आहे हेच चित्रपट सांगतो. पण तो पाहून गुहेकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढली आणि बंदी असलेल्या भागात शिरणाऱ्या तरुणांवर कारवाई करावी लागली.

मुळात चूक कोणाची?

पर्यटकांना दोष देणे सोपे आहे, पण रचनेतच एक फट आहे. निर्माता काही दिवसांची परवानगी घेतो, शुल्क भरतो आणि निघून जातो. चित्रपट गाजला तर गर्दी पुढे दहा-वीस वर्षे येत राहते. त्या गर्दीची जबाबदारी कोणाची, हे परवानगीच्या कागदावर कुठे लिहिलेले नसते. ग्रामपंचायतीकडे पैसा नसतो, पुरातत्त्व विभागाकडे माणसे नसतात आणि पर्यटन खात्याला ते ठिकाण आपल्या यादीत आहे की नाही हेच ठाऊक नसते.

सरकारी धोरणाचा भर चित्रीकरण आणण्यावर आहे. चित्रपटस्नेही राज्याला राष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊ लागला, त्याचा पहिला मान 63 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गुजरातला मिळाला. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आणल्या. हे आवश्यकच होते. पण चित्रीकरण संपल्यानंतर काय, याचा विचार त्यात फारसा दिसत नाही.

रामनगरच्या टेकड्यांवर हा पेच स्पष्ट दिसतो. 'शोले'मुळे तिथे लोक येतात. त्याच कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत आणि 2012 मध्ये तो परिसर गिधाड अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भारतात गिधाडांची संख्या 1990 च्या दशकापासून कोसळली, याचे मुख्य कारण गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध. अशा पक्ष्यांच्या विणीच्या जागी गब्बरच्या आठवणीने किती माणसे न्यायची, हा प्रश्न पर्यटन खात्याइतकाच वन खात्याचाही आहे.

इतर देशांनी गर्दी कशी आवरली?

थायलंडची माया बे ही खाडी 'द बीच' (2000) या हॉलीवूडपटामुळे जगभर माहीत झाली. पुढे तिथे दिवसाला पाच हजारांपर्यंत पर्यटक येऊ लागले आणि बोटींच्या नांगरांनी प्रवाळ उद्ध्वस्त झाले. जून 2018 मध्ये सरकारने ही खाडी बंद केली ती थेट जानेवारी 2022 मध्ये उघडली. आता बोटी खाडीत येऊ दिल्या जात नाहीत, एका वेळच्या पर्यटकांची संख्या ठरलेली आहे आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागेला विश्रांती दिली जाते.

स्पेनच्या बुन्योल गावातला टोमॅटोंचा उत्सव 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मुळे भारतात घरोघरी पोहोचला. जगभरातून त्याआधीही तिथे लोक येतच होते. दहा हजारांच्या आत-बाहेर वस्तीच्या या गावात काही वर्षी चाळीस हजारांहून अधिक लोक जमू लागले. 2013 पासून तिथे तिकीट लावण्यात आले आणि संख्या सुमारे वीस हजारांवर रोखण्यात आली.

स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ सरोवराकाठी इझेल्टवाल्ड नावाचे चारेकशे वस्तीचे खेडे आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन मालिकेत नायक तिथल्या लाकडी धक्क्यावर पियानो वाजवतो. मालिका जगभर गाजली आणि धक्क्यावर रांगा लागल्या. 2023 मध्ये गावाने तिथे फिरते फाटक बसवले आणि पाच फ्रँक शुल्क ठेवले. हा पैसा स्वच्छता आणि देखभालीसाठी वापरला जातो.

तिन्ही ठिकाणी उपाय महागडे नाहीत. संख्या ठरवणे, शुल्क घेणे आणि ते तिथेच खर्च करणे, गरज पडल्यास जागा काही काळ बंद ठेवणे, एवढेच ते आहेत. अट एकच, निर्णय घेण्याचा अधिकार आणि पैसा स्थानिकांपर्यंत पोहोचला पाहिजे.

परदेशवारीचे गणित किती कठीण?

पहिल्या-दुसऱ्या नोकरीतल्या तरुणासाठी बऱ्यापैकी कठीण. युरोपातल्या 29 देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो झाले आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान 30 हजार युरोंचे विमा संरक्षण लागते. शिवाय पगाराच्या पावत्या, बँकेचे स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्र, रजा मंजुरीचे पत्र ही कागदपत्रे जमवावी लागतात. आधी दोन वेळा शेंगेन व्हिसा घेऊन नियमांप्रमाणे परतलेल्या भारतीयांना दीर्घ मुदतीचा व्हिसा सोपा करण्याचा निर्णय एप्रिल 2024 मध्ये झाला. मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

त्याहून अवघड आहे शेजारी जाणे. पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजार परिसरात दिलीपकुमार आणि राज कपूर यांची वडिलोपार्जित घरे आहेत. ती ताब्यात घेऊन तिथे संग्रहालये करण्याचा निर्णय तिथल्या प्रांतिक सरकारने घेतला, पण दोन्ही इमारती जीर्ण आहेत. भारतीय चित्रपटप्रेमीला ती पाहणे जवळपास अशक्य, आणि तिथल्या चाहत्याला मुंबईत येऊन मराठा मंदिरचा खेळ पाहणेही तितकेच अशक्य. बांगलादेशात राजशाहीतले ऋत्विक घटक यांचे वडिलोपार्जित घर ऑगस्ट 2024 मध्ये पाडले गेले. एकच चित्रपट, तीच गाणी तिन्ही देशांत पाठ असतात, पण त्यांच्या जागा मात्र एकमेकांना बंद आहेत. दिलीपकुमार यांचे बालपण नाशिकजवळच्या देवळालीतही गेले, तिथल्या बार्न्स शाळेत ते शिकले. पेशावरला जाता न येणाऱ्या मराठी चाहत्याला निदान देवळाली तरी जवळ आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यात काय करता येईल?

खर्चाचा विचार केला तर चित्रपटप्रेमींसाठी जवळचीच ठिकाणे परवडणारी आहेत. आपटा स्थानक, मेणवलीचा घाट, मराठा मंदिर ही सगळी एका दिवसात पाहून परत येण्यासारखी. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (2016) नंतर करमाळा तालुक्यातल्या चित्रीकरणाच्या जागा पाहायला लोक जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातला हा भाग एरवी कुणाच्या सहलीच्या यादीत नव्हता.

पण यांपैकी किती ठिकाणी स्वच्छ शौचालय आहे, माहितीचा फलक आहे, वाहनतळ आहे? शापोरा किल्ल्यावर रोज संध्याकाळी सूर्यास्त पाहायला गर्दी होते. आदिलशाही, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संघर्षात हा किल्ला हात बदलत राहिला, 1684 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने तो घेतला होता. बहुतेक पर्यटकांसाठी मात्र तो फक्त 'दिल चाहता है फोर्ट' आहे. दोन्ही ओळखी सांगणारा स्थानिक मार्गदर्शक तिथे उभा राहिला, तर एका तरुणाला काम मिळेल आणि पर्यटकही अर्धा तास जास्त थांबेल.

चित्रीकरणाच्या शुल्कातला ठरावीक वाटा त्याच ग्रामपंचायतीकडे देणे, परवानगी देतानाच पुढच्या गर्दीचा आराखडा मागणे आणि शाळा, वस्ती, अभयारण्य अशा नाजूक जागांसाठी वेगळे नियम करणे ही सुरुवात ठरू शकते. यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. एक खिडकीतून दिल्या जाणाऱ्या परवानगीच्या अटींत चार ओळी वाढवाव्या लागतील.

पर्यटकाच्या हातातही काही गोष्टी आहेत. लडाखला जाणाऱ्याने पँगाँगकडे निघण्याआधी लेहमध्ये किमान दोन दिवस शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी. दूधसागरला जायचे तर वन खात्याने परवानगी दिलेल्या मार्गाने आणि हंगामातच जावे. शाळेच्या किंवा कुणाच्या घराच्या आवारात विचारल्याशिवाय शिरू नये. आणि रीलमध्ये चित्रपटाच्या नावासोबत गावाचे खरे नावही लिहावे. 'स्वदेसचा घाट' शोधत येणाऱ्या पुढच्या माणसाला आपण मेणवलीला निघालो आहोत, हे आधीच कळेल.